वाचकांचे प्रश्न : गाडीच्या नाकाखाली स्प्लिटर बसवताना

प्रश्न : मी इंदूरला विजयनगर भागात राहतो. दोन वर्षांपूर्वी मी २०१६ सालची ऑडी टीटी सेकंडहँड घेतली. तिला बाहेरून एबीएस प्लॅस्टिकचा पुढचा स्प्लिटर, म्हणजे बंपरखाली बसणारी आडवी फळी, मागवला आहे. तो बंपरच्या पुढे ४ सेंटिमीटर येतो आणि ४.५ सेंटिमीटर खाली उतरतो. सोबत डबल टेपचे रीळ आणि १४ स्क्रू आले आहेत; दोन तासांत काम होईल, असे फिटर सांगतो. बंपरच्या खालच्या कडेची जमिनीपासूनची उंची सध्या १२.५ सेंटिमीटर आहे आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून बंपरच्या टोकापर्यंतचे अंतर ८७ सेंटिमीटर भरते. आमच्या इमारतीचे पार्किंग तळघरात आहे. तिथला उतार आठात एक आहे, असे बिल्डरने सांगितले होते. गाडी रोज शहरात चालते आणि वर्षातून एकदा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर नेण्याचा विचार आहे. स्प्लिटर बसवावा का, आणि बसवायचा झाल्यास काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपण मापे घेऊन पत्र लिहिलेत, याचा मला फार आनंद झाला. या विषयावर येणाऱ्या बहुतेक पत्रांत फक्त फोटो असतो, आणि फोटोवरून गाडी ब्रेकरला घासेल की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्या मापांवरून मात्र ते कागदावरच सांगता येते, म्हणून आधी तेच करू.

आज आपल्या गाडीच्या नाकाखाली १२.५ सेंटिमीटर जागा आहे आणि नाक चाकाच्या मध्यापासून ८७ सेंटिमीटर पुढे आहे. आठात एक उताराच्या पायथ्याशी चाक पोहोचते, तेव्हा ८७ सेंटिमीटरवर उतार सुमारे १०.९ सेंटिमीटर चढलेला असतो. म्हणजे आज आपण तळघरातून वर येताना जेमतेम दीड सेंटिमीटरने सुटता, आणि हे आपल्याला कधी जाणवलेही नसेल. स्प्लिटर बसवल्यावर नाक ९१ सेंटिमीटरवर जाईल, खालची जागा ८ सेंटिमीटर उरेल आणि त्या ठिकाणी उताराची उंची सुमारे ११.४ सेंटिमीटर असेल. स्प्लिटर दररोज सकाळी उतारावर आदळेल. हळू चालवून किंवा जपून चालवून त्यात काही फरक पडणार नाही, कारण हा प्रश्न चालवण्याचा नसून भूमितीचा आहे. उतार तिरका चढण्याइतकी रुंदी तळघरात असेल तरच थोडी सवलत मिळेल. बिल्डरच्या शब्दावर विसंबू नका. एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि लेव्हल घेऊन उताराच्या अगदी पायथ्याशी माप घ्या, कारण काही ठिकाणी पायथ्याचा पहिला हातभर भाग उरलेल्या उतारापेक्षा जास्त उभा असू शकतो.

गतिरोधकांचे गणित याहून नाजूक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. असा नियमात बसणारा गतिरोधक घेतला, तर चाक त्याच्या सुरुवातीला टेकते तेव्हा ९१ सेंटिमीटर पुढे त्याची उंची सुमारे ७.४ सेंटिमीटर झालेली असते. आपल्या स्प्लिटरखाली ८ सेंटिमीटर असतील, म्हणजे मधे सहा मिलिमीटर उरले. आता ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक किती खाली जाते ते आठवा. दोन-अडीच सेंटिमीटर सहज जाते. म्हणून ब्रेक दाबलेल्या अवस्थेत गतिरोधकावर गेलात तर स्प्लिटर टेकणार. आधी वेग उतरवून, ब्रेक सोडून, नाक पुन्हा वर आल्यावर चढलात तर सुटणार. आणि हे झाले नियमातल्या गतिरोधकाचे. आपल्या वसाहतींमध्ये गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचे जे अरुंद, उंच ढिगारे घातलेले असतात, त्यांना कोणतेही गणित लागू पडत नाही. पावसाळ्यात माळव्याची काळी माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचा रस्ता दरवर्षी नव्याने खचतो, हे आपण इंदूरकर सगळेच जाणतो.

एवढी जोखीम घेऊन हाती काय लागते, हेही पाहिले पाहिजे. चालत्या गाडीच्या नाकावर हवा येऊन थबकते आणि तिथे दाब वाढतो; स्प्लिटर ही आडवी फळी त्या दाबलेल्या हवेला खाली सरकू देत नाही. फळीच्या वर जास्त दाब, खालून वेगाने जाणाऱ्या हवेचा कमी दाब, आणि या दोहोंतला फरक पुढची चाके रस्त्यावर दाबतो. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ही यातली कळीची गोष्ट आहे. आपला स्प्लिटर दीड मीटर रुंद धरला आणि पुढे आलेल्या ४ सेंटिमीटरवर हवेचा पूर्ण दाब पडला असे मानले, तरी ताशी ६० किलोमीटरला त्यावर सुमारे एक किलोचा भार येतो, १०० किलोमीटरला तीन किलोच्या आतबाहेर आणि २०० किलोमीटरला अकरा किलो. फळी मागे इंजिनखालपर्यंत सपाट नेली तर खालच्या ओढीमुळे हा आकडा बराच वाढतो, पण आपण मागवलेला भाग तसा नाही. एबी रोडवर किंवा सुपर कॉरिडॉरवर कायद्याच्या वेगात एक-दोन किलोने पुढच्या चाकांच्या पकडीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. इंदूरजवळ पीथमपूरला राष्ट्रीय वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा अंडाकृती मार्ग आहे. त्याच्या वळणांची रचना अशी आहे की ताशी २५० किलोमीटरला सुकाणूला हात न लावता गाडी वळण घेते. स्प्लिटरला खरे काम असते ते अशा वेगांना. तो मार्ग गाड्यांच्या चाचणीसाठी आहे, आपल्या रोजच्या वापरासाठी नव्हे.

आता आपल्या गाडीबद्दलचा माझा सर्वांत गंभीर मुद्दा. पुढे दाब वाढवला आणि मागे काही केले नाही, तर अतिवेगात गाडीचा तोल पुढे सरकतो आणि मागची चाके हलकी पडतात. टीटीच्या बाबतीत हा केवळ पुस्तकी धोका नाही. १९९८ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या टीटीला मागे स्पॉयलर, म्हणजे मागचा भाग हवेने उचलला जाऊ न देणारे पाते, नव्हता. अतिवेगात मागचा भाग सुटून अपघात झाल्यावर कंपनीने त्या गाड्या परत बोलावल्या, मागे स्पॉयलर बसवला, सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली. आपल्या पिढीच्या गाडीचा मागचा स्पॉयलर ताशी १२० किलोमीटरला आपोआप वर येतो, तो याच अनुभवाचा वारसा आहे. बुद्ध सर्किटच्या लांब सरळ पट्ट्यावर आपण दोनशेच्या आसपास जाल आणि त्यानंतर जोरात ब्रेक लावाल. त्या क्षणी नाक आधीच खाली गेलेले, मागची चाके आधीच हलकी झालेली, आणि त्यात पुढचा वाढीव दाब. स्प्लिटर लावून तिथे जायचे असेल तर मागचा स्पॉयलर बटणाने वर ठेवा आणि पहिल्या फेऱ्या वेग राखून मारा. वेगवान वळणात मागचा भाग अस्वस्थ वाटला तर त्याच दिवशी स्प्लिटर काढून पुन्हा चालवून पाहा.

म्हणून माझा सल्ला असा आहे. रोजच्या वापरासाठी हा स्प्लिटर लावू नका. दिसण्याची हौस असेल तर रबरासारख्या लवचीक पॉलियुरेथेनची, फार तर एक-दीड सेंटिमीटर खाली उतरणारी आणि पुढे न येणारी पट्टी लावा. तळघराच्या उतारावर ती घासलीच तर वाकेल आणि परत जागेवर येईल. आपण मागवलेला एबीएसचा भाग फेकू नका. तो काढता-घालता येईल असा बसवा आणि सर्किटच्या दिवशीच लावा.

बसवण्याच्या पद्धतीवर मात्र मला सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण ‘दोन तासांत होईल’ या वाक्याची मला भीती वाटते. अनेक वर्षांपूर्वी मी स्वतः एका ग्राहकाच्या गाडीला अशीच पट्टी डिसेंबरात टेप आणि आपोआप आटे पाडणाऱ्या स्क्रूंनी बसवून दिली होती. काम सुबक दिसत होते. मे महिन्यात तिचा मधला भाग फुगून खाली झुकला, दोन स्क्रूंनी प्लॅस्टिक फाडले आणि मानपूरच्या घाटात पट्टीचे एक टोक सुटून मागे, चाकाखाली गेले. चाकाच्या वरचे प्लॅस्टिकचे अस्तर फाटले आणि टायरच्या बाजूला बोटभर चीर पडली. गाडी हळू होती, म्हणून कोणाला इजा झाली नाही. ती चीर मी बोटाने चाचपून पाहिली होती आणि त्यानंतर एकही पट्टी मी त्या पद्धतीने बसवली नाही.

तिथे काय झाले होते, ते समजून घ्या. एबीएस प्लॅस्टिक उष्णतेने पुष्कळ वाढते. दीड मीटर लांबीची काळी पट्टी जानेवारीच्या सकाळच्या दहा अंशांपासून मेच्या दुपारी उन्हात तापून साठ-पासष्ट अंशांपर्यंत गेली, तर सहा-सात मिलिमीटर लांब होते. मागचे लोखंड तेवढ्याच फरकाला एखादाच मिलिमीटर वाढते. पट्टी दोन्ही टोकांना घट्ट आवळली असेल तर ती वाढ जाणार कुठे? ती खाली फुगते. म्हणून मधले एकच भोक गोल ठेवायचे आणि त्याच्या दोन्ही बाजूंची सर्व भोके आडवी लंबगोल करायची, टोकाकडे जाताना जास्त लांब. भोक आधी ३ मिलिमीटरच्या ड्रिलने पाडून मग ६.५ पर्यंत वाढवावे आणि बारीक कानशीने कडा गुळगुळीत कराव्यात, कारण प्लॅस्टिकची चीर खरखरीत कडेपासूनच सुरू होते. स्क्रू नकोत. स्टेनलेसचे ६ मिलिमीटरचे बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे रुंद वायसर आणि नायलॉनची कडी असलेले नट वापरा. इंदूरच्या सियागंज बाजारात हे सगळे एकाच दुकानात मिळेल. नट इतकाच आवळायचा की वायसर हाताने फिरू नये, पण पट्टी उष्णतेने सरकू शकेल.

बोल्टांची पुढची ओळ बंपरच्या खालच्या दुमडलेल्या कडेत जाते. नुसत्या तिच्यावर सर्किटचा भार टाकू नका, कारण बंपर हे कातडे आहे, हाड नव्हे. मागची ओळ रेडिएटरच्या खालच्या आडव्या पट्टीला, तिथे आधीच असलेल्या भोकांतून, लोखंडी कोनपट्ट्यांनी जोडा. बंपरमागची मुख्य तुळई आणि तिच्या दोन टोकांचे चेपणारे डबे यांना मात्र एकही भोक पाडायचे नाही. टक्कर झाल्यावर धक्का पचवणे हे त्यांचे काम आहे आणि भोकामुळे ते भलत्याच जागी चेपतात. शर्यतीच्या गाड्यांच्या स्प्लिटरवर माणूस उभा राहिला तरी तो टिकला पाहिजे, असा त्या क्षेत्रातला जुना दंडक आहे. आपल्याला तेवढे नको. पण जोडणी झाल्यावर मधोमध आणि दोन्ही टोकांना दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन खाली दाबून पाहा. एखाद्या ठिकाणी करकर आवाज आला किंवा फट उघडली, तर तिथे आणखी एक आधार हवा आहे.

भोके पाडण्यापूर्वी पट्टी कागदी टेपने नुसती चिकटवून एक दिवस तशीच ठेवा. बॉनेटच्या मधोमध असलेल्या चिन्हापासून दोरा खाली सोडून मध्यरेषा आखा आणि दोन्ही टोके जमिनीपासून मोजा. जमीन सपाट आहे का, हेही पाहा. अंगणाच्या फरशीला पाण्यासाठी दिलेला ढाळ असतो आणि त्यावर घेतलेले माप फसवते. टो-हूकचे, म्हणजे गाडी ओढण्याच्या कडीचे, झाकण उघडते का, जॅक आत सरकतो का आणि पुढचे चाक पूर्ण वळवल्यावर पट्टीच्या टोकाला लागते का, हे तीन प्रश्न त्याच दिवशी सोडवा. गाडी बंद पडली तर ती सपाट फळीच्या ट्रकवरच न्यावी लागेल, हे घरच्या सर्वांना सांगून ठेवा.

शेवटी कागदपत्रे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली आहे. गाडीची लांबी वाढवणारा, पुढे आलेला टणक भाग घेऊन रस्त्यावर फिरणे मी म्हणूनच टाळतो. आपल्या विमा कंपनीलाही बसवण्यापूर्वी लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा; न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आड येतो.

प्रश्न : माझ्या मुलाने त्याच्या दोन दरवाज्यांच्या गाडीला कार्बन फायबरचा स्प्लिटर लावला आहे. त्याची पुढची कड सुरीसारखी पातळ आहे. मी सहज हात फिरवला तर बोटाला खरचटले. ‘रेसिंगमध्ये असाच असतो’ असे तो म्हणतो. मला मात्र रस्त्यावरच्या पोरासोरांची काळजी वाटते. ही काळजी अनाठायी आहे का?
— एक वाचक, पलासिया, इंदूर

उत्तर : आपली काळजी अगदी योग्य आहे आणि चिरंजीवांनी ती मनावर घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पायी चालणाऱ्या माणसाला गाडीचे नाक प्रथम लागते ते नडगीला किंवा गुडघ्याला. लहान मूल असेल तर त्याहून वर. आधुनिक बंपर म्हणूनच आतून फोमचे आणि बाहेरून वाकणारे करतात. त्याखाली टणक पाते बसवले, तर त्या सगळ्या रचनेवर पाणी पडते. बाहेर आलेल्या भागांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमात, म्हणजे क्रमांक २६ मध्ये, अशा टणक भागाच्या कडेची गोलाई किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची असावी असे सांगितले आहे. साध्या भाषेत कड पाच मिलिमीटर जाडीची आणि पूर्ण गोलवलेली हवी. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये गाड्यांपुढचे लोखंडी गार्ड काढायला सांगितले, त्यामागेही पादचाऱ्यांची हीच काळजी होती.

कार्बन फायबरचा आणखी एक दोष असा की तो वाकत नाही, तुटतो. आणि तुटल्यावर त्याच्या कडेला टाचणीसारखे तंतू उभे राहतात. आपल्या बोटाला लागले ते बहुधा घासून उघडे पडलेले तंतूच असावेत. ती कड आता नुसती पॉलिश करून भागणार नाही. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर तो भाग काढावा, हे माझे स्पष्ट मत आहे. तोवर निदान त्या कडेवर यू आकाराची रबरी झालर चढवून घ्या. दरवाज्यांच्या कडांना लावतात तीच चालते. कडा घासताना तोंडावर मास्क आणि हातात मोजे असू द्या, कारण ती धूळ श्वासात जाणे वाईट. जोडणीसाठी ॲल्युमिनियमच्या कोनपट्ट्या वापरल्या असतील, तर त्याही काढून पाहा. कार्बनला टेकलेले ॲल्युमिनियम पावसाळ्याच्या ओलीत झपाट्याने गंजते आणि पांढऱ्या भुकटीखाली भोक मोठे होत जाते. बाहेरून सगळे ठीक दिसत असते.

प्रश्न : भोके न पाडता, फक्त चांगल्या प्रतीच्या डबल टेपवर पट्टी टिकेल का? आमच्याकडे ग्वाल्हेरला उन्हाळा फार कडक असतो.
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : हलकी, लवचीक आणि पुढे न येणारी पट्टी टिकेल, स्प्लिटर टिकणार नाही. टेपची ताकद पृष्ठभाग किती स्वच्छ आहे यावर ठरते, आणि बंपरवर मेणाच्या पॉलिशचा थर जवळजवळ नेहमीच असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दर वेळी नवे फडके घेऊन, फडक्यावर डाग उठणे थांबेपर्यंत पुसून काढावा. टेप चिकटवल्यावर लगेच ओढून पाहण्याचा मोह आवरा. ॲक्रिलिक फोमच्या टेपची पकड वीस मिनिटांत साधारण निम्मी येते आणि पूर्ण येण्यास ७२ तास लागतात. ते तीन दिवस गाडी धुऊ नका, महामार्गावर नेऊ नका. काम सावलीत, पण थंडीच्या सकाळी नव्हे. ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीत करायचेच असेल तर दुपारी, बंपर हाताला कोमट लागेल तेव्हा करा. दोन्ही टोकांना, चाकाच्या अस्तराला जिथे कंपनीचा मूळ स्क्रू असतो, तिथे त्याच स्क्रूखाली पट्टीचे टोक धरून घ्या. नवे भोक पडत नाही, आणि मधली टेप कधी सुटलीच तरी टोक चाकाखाली जात नाही.